एका इंजेक्शनने मेंढीचे यकृत वाचत नाही

पावसाळा सरता सरता मेंढपाळांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: ‘मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरले की काळजात (यकृतात) जंत समजा, आयव्हरमेक्टिनचे एक इंजेक्शन द्या, लेंडीत अंडी नसली तर यकृत ठीक आहे, मेलेल्या मेंढीचे काळीज कुत्र्याला घाला.’ यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि शेवटचे तर माणसाच्या जिवावर बेतू शकते.

जबड्याखाली पाणी उतरते ते रक्तातील प्रथिने घटल्यामुळे. चौथ्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमोंकस या गोल जंतामुळेही तेच होते, म्हणून केवळ सूज पाहून यकृताचे निदान करता येत नाही.

सर्वांत महाग पडते ती इंजेक्शनची चूक. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालते. पानासारख्या चपट्या यकृतकृमीवर, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः आढळणाऱ्या फॅसिओला जायगँटिकावर, ते चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइडने पित्तनलिकांतले प्रौढ कृमी मरतात, पण यकृत पोखरत तिकडे निघालेली कृमींची पिल्ले वाचतात; त्यांच्यासाठी ट्रायक्लाबेंडाझोल लागते. मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी, कारण क्लोसँटेलसारखे औषध अंदाजाने जास्त दिले गेले तर मेंढी आंधळी होऊ शकते.

अंडी नसणे हाही पुरावा नव्हे. तळ्याकाठच्या गवतावरचे यकृतकृमीचे कोष पोटात गेल्यापासून कृमी अंडी घालू लागेपर्यंत साधारण ३ ते ४ महिने जातात, आणि तीव्र रोगात मेंढी दगावते ती नेमकी याच काळात, कृमींच्या पिल्लांनी यकृतात रक्तस्राव घडवल्यामुळे. कळपात अचानक मरतूक झाली तर लेंडी तपासून थांबू नये, शवविच्छेदन करून घ्यावे.

आता कुत्र्याचे. यकृतकृमी काळीज खाल्ल्याने कुत्र्याला होत नाही, हे खरे. परंतु काळजावर दिसणाऱ्या पाण्याच्या पिशव्या वेगळ्याच, कुत्र्याच्या पट्टकृमींच्या (फितीसारख्या जंतांच्या) अळ्यांच्या असतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून चराऊ गवतावर पडतात, आणि त्यांपैकी टिनिया हायडॅटिजेना या पट्टकृमीच्या अळ्या पुन्हा मेंढ्यांच्या यकृतात वाटा पाडतात. एकायनोकोकस या दुसऱ्या पट्टकृमीची अंडी कुत्र्याच्या अंगावरून मुलांच्या हाताला लागून तोंडात गेली, तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच पिशवी वर्षानुवर्षे वाढत राहते आणि अनेकदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. वाड्यावरची मुले कुत्र्यांच्या अंगाखांद्यावर वाढतात, म्हणून या एका ओळीची मला सर्वाधिक भीती वाटते. असे काळीज जाळावे किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरावे, आणि राखणीच्या कुत्र्यांनाही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींवरचे औषध द्यावे.