प्रतिक्रियेला उत्तर : सीलबंद म्हणजे नेमकं काय बंद?

काका, नमस्कार.

माझ्या टोयोटा फोररनरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरीच बदलल्याचा लेख मी टाकला, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तुम्ही लिहिलंत ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं पुण्यात तीस वर्षं गॅरेज होतं. गिअरबॉक्स सीलबंद आहे, ऑइलची पातळी बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिकच कंपनीने दिलेली नाही, म्हणजे आत हात घालायचा नाही, हे तुमचं पहिलं म्हणणं. लाख मैल झालेल्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतो, म्हणजे कायमचा बंद पडतो, हे दुसरं. तीन लिटर बदलून होणार काय, हे तिसरं. जॅकवर गाडी चढवून खाली झोपणं हा मूर्खपणा, हे चौथं. आणि शेवटी, "लेव्हल कशी बघितली ते मात्र गुलदस्त्यात. चार डॉलर वाचवायला लोकांच्या गाड्या घालवू नका. माझा मुलगा टेक्सासात असतो, तो तुमचा लेख वाचून पाने गोळा करायला लागलाय."

शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि झोंबलाही. म्हणून तिथूनच सुरू करतो.

लेखात मी "जेवढं निघालं तेवढं मोजून भरलं" एवढं लिहून पुढे सटकलो होतो. खरं काय घडलं ते लिहायची लाज वाटली. गाडी २००७ची, व्ही-एट, पाच गिअरचा ए-७५० गिअरबॉक्स. याच्या तळाला चेंबरला, म्हणजे ऑइल साठायच्या तबकाला, दोन बोल्ट आहेत. एक चौदाच्या पान्याचा, ऑइल काढायचा. दुसरा पाचच्या ॲलन कीचा, लेव्हल बघायचा. या दुसऱ्याच्या मागे आत एक छोटी उभी नळी असते. ऑइल त्या नळीच्या तोंडापर्यंत असेल तर बोल्ट काढल्यावर ते बाहेर येतं, खाली असेल तर येत नाही. डिपस्टिकचं काम ही नळी करते. पण ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे हे सगळं ठरावीक तापमानालाच बघायचं असतं. माझ्या गाडीला साधारण ४६ ते ५५ अंश सेल्सिअस, इंजिन चालू ठेवून.

मी इंजिन चालू केलं, गाडीखाली गेलो आणि पाचची ॲलन की सापडेना. ती शोधण्यात, मग शेजाऱ्याकडून आणण्यात वीस मिनिटं गेली. बोल्ट उघडला तेव्हा ऑइल पंच्याहत्तरच्या आसपास होतं. धार लागली. मी समाधानाने ती थेंबावर येईपर्यंत थांबलो आणि बोल्ट लावून टाकला. म्हणजे फुगलेलं ऑइल 'जास्तीचं' समजून सांडून दिलं. दोन दिवसांनी थंड सकाळी चढावर डी मध्ये टाकलं, तर गाडीने एक सेकंद विचार केला आणि मग धक्का देऊन निघाली. दुसऱ्या वेळी नीट तापमान बघून तपासलं, तेव्हा जवळजवळ अर्धा लिटर घालावं लागलं. गार असताना बघितलं असतं तर उलट झालं असतं. पातळी कमी दिसून मी वरून जास्त ओतलं असतं. मूळ लेखात हे सगळं आता घातलंय. तुम्ही टोचलं नसतं तर घातलं नसतं.

आता 'सीलबंद'बद्दल. काका, इथे मी तुमचं ऐकणार नाही.

ए-७५० सीलबंद म्हणजे त्याला डिपस्टिकची नळी नाही, एवढंच. भरायचा बोल्ट आहे, काढायचा आहे, लेव्हलचा आहे, चेंबर दहाच्या पान्याने सुटतं, गाळणी वेगळी मिळते. ज्याला हात लावायचाच नाही त्याला एवढी दारं कोण ठेवेल? टोयोटाच्या अमेरिकेतल्या मेंटेनन्स पुस्तिकेत ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी, टपावर सामान लादणाऱ्यांसाठी वेगळा रकाना असतो आणि त्यात ६०,००० मैलांना ऑटोमॅटिकचं ऑइल बदला असं लिहिलेलं असतं. झेडएफ ही जर्मन कंपनी आठ गिअरचा जो गिअरबॉक्स बनवते तो घेऊन काही गाडीवाले 'आयुष्यभराचं ऑइल' म्हणून विकतात. खुद्द झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की बदला म्हणते. बनवणारा एक सांगतो, विकणारा दुसरंच. तुम्ही तीस वर्षांत हे कितीदा पाहिलं असेल ते तुम्हालाच ठाऊक.

आणि माझी गाडी ऑफिसला जाणारी गाडी नाही. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० हायवे आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढत जातो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, बोगदा ११,००० फुटांच्या वर. मागे चार हजार पौंडांचा कॅम्पर. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की टर्बो नसलेल्या इंजिनाचा तीसएक टक्के दम कमी होतो. मग गिअरबॉक्स खालचा गिअर धरतो, टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं, लॉकअप (थेट पकड) सुटतं, आणि कन्व्हर्टर आतल्या आत ऑइल घुसळत बसतो. ती सगळी घुसळण म्हणजे उष्णता. तुमच्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर खंबाटकीत सहा-आठ माणसं आणि टपावर सामान घेतलेली ऑटोमॅटिक इनोव्हा, तीही मे महिन्यात, ट्रकच्या मागे रांगत.

मी ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला, छोटा ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान बघतो. सपाटीला ८२-८५ अंश. एकदा हट्टाने सगळा चढ डी मध्येच केला, तर वर पोचेपर्यंत ११४. पुढच्या वेळी दांडा चारवर ठेवला, वेग थोडा कमी ठेवला, लॉकअप टिकलं, तर ९८. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब. म्हणजे ऑइलचं आयुष्य मैलांत मोजण्यात अर्थ नाही, घाट किती चढले त्यात मोजायला हवं. माझं ऑइल निघालं तेव्हा तांबूस नव्हतं, काळ्या चहासारखं होतं. जळका वास मात्र नव्हता.

ऑइल बदलल्यावर गिअरबॉक्स बसतो हे तुम्ही पाहिलंत, यावर माझा विश्वास आहे. पण काका, गिऱ्हाईक तुमच्याकडे ऑइल बदलायला कधी यायचं? गिअर घसरायला लागल्यावर, धक्के बसायला लागल्यावर. कोकणात आमच्या घरी वासे कुजेपर्यंत कोणी वर बघायचं नाही, मग पावसाच्या तोंडावर माणूस बोलावून कौलं परतायची, आणि आढं खचलं की त्या माणसाच्या नावाने खडे फोडायचे. इथेही तसंच, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या प्लेटी आधीच संपलेल्या असतात. ऑइल नवं आलं म्हणून त्या उगवत नाहीत. तुमच्याशी एका बाबतीत मात्र सहमत आहे. जुन्या, कधीच न उघडलेल्या गिअरबॉक्सला मशीन लावून दाबाने फ्लश करणं मलाही पटत नाही. आणि घसरायला लागलेल्या गाडीचं ऑइल मी घरी बदलणार नाही, ती सरळ गिअरबॉक्सवाल्याकडे नेईन.

तीन लिटरचं गणित असं. आत सगळं मिळून अकराएक लिटर. एकदा काढलं की तीन निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतं. पहिल्या वेळेनंतर जुनं उरतं ७३ टक्के, दुसऱ्यानंतर ५३, तिसऱ्यानंतर ३८. मी तीन वेळा केलं, मध्ये दोन-दोन आठवडे गाडी चालवून. साठ टक्क्यांच्या वर नवं. शंभर नाही, पण तीन शनिवार सकाळी होतं आणि कुठे काही दाबाने ढकलावं लागत नाही. ऑइल गार करणाऱ्या कूलरची नळी काढून इंजिनानेच जुनं बाहेर फेकायला लावायची पद्धतही आहे, त्याने जवळजवळ सगळं बदलतं. पण त्याला ओतायला एक, मोजायला एक, इंजिन बंद करायला एक अशी माणसं लागतात. माझ्याकडे बायको आहे, आणि तिने एकदाच मदत करून पुढच्या वेळी नकार दिलाय.

जॅकबद्दल तुमची काळजी रास्त, पण फोररनर एवढी उंच आहे की मी ती उचलतच नाही. जमिनीवर उभ्या गाडीखाली पाठीवर सरकतो. शिवाय उचलली तर नाक वर जातं आणि लेव्हलची नळी खोटं बोलायला लागते. खरी अडचण वेगळीच निघाली. इथल्या गॅरेजच्या फरशीला पाणी बाहेर जावं म्हणून दरवाजाकडे उतार असतो. पाणसळ ठेवून बघितलं आणि मागच्या चाकांखाली प्लायवूडचे दोन तुकडे सारले. दरवाजा सताड उघडा, सायलेन्सर बाहेरच्या बाजूला, कारण इंजिन चालू असतं आणि बंद गॅरेजात त्या धुराने माणूस मरतो. ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर एकेकदा फिरवायचे, मग पी, हँडब्रेक, चाकांना ओट आणि मगच खाली जायचं.

एक गोष्ट लेखात फोटोने दाखवायला हवी होती, जमली नाही. छातीवर मोबाइल, त्यावर ४४, ४५, ४६. बोल्ट सोडला की आधी बोटाएवढी धार येते. मग ती सुतासारखी होते, हलते, तुटते, पुन्हा जुळते. मग थेंब, एकामागून एक. दोन थेंबांच्या मध्ये श्वास घेता आला की बोल्ट लावायचा. बस. २० न्यूटन-मीटर, नवीन वॉशर. चेंबरचे दहाचे बोल्ट त्याहून नाजूक, ४.४ न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाने. तिथे जोर केला तर आटे जातात. मी चेंबर पहिल्या वेळीच काढलं होतं. चुंबकांवर शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा राखाडी लेप होता, बोटावर कण टोचत नव्हते. टोचले असते तर गाडी टो करून नेली असती.

तुमच्या मुलाबद्दल. तुम्ही लिहिलंत त्याच्याकडे रॅम १५०० आहे, आठ गिअरची, आणि तो बोट ओढतो. त्याला सांगा, माझा लेख त्याच्या गाडीला लागू नाही. माझं ऑइल टोयोटाचं डब्ल्यूएस, त्याच्या गाडीला झेडएफच्या आठ गिअरचं वेगळं ऑइल लागतं, ते चुकलं तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग नाही. त्याचं चेंबर प्लॅस्टिकचं आहे आणि फिल्टर त्यातच बसवलेला, त्यामुळे अख्खं चेंबर नवं घ्यावं लागतं. तापमान आणि पद्धत त्याने त्याच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावी, माझ्याकडून नको.

आणि पाने गोळा करतोच आहे तर पहिल्यांदा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघू दे, खालच्याला हात लावायच्या आधी. माझा चोवीसचा बोल्ट गंजून असा बसला होता की आदल्या रात्री गंज सोडायचा स्प्रे मारून ठेवावा लागला. खालचा आधी उघडला असता तर रिकामा गिअरबॉक्स आणि बंद तोंड घेऊन बसलो असतो. तुमच्या गॅरेजात असे बोल्ट कसे सोडवायचात, ते मात्र खाली जरूर लिहा. पुढच्या वेळी ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, उघडायची आहे आणि तिचा बोल्ट याच्याहून हट्टी दिसतोय.