ट्यूबमधली हवा आणि हायवे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बोटीमागे दोरानं ओढायची, माणसं बसवायची फुगवलेली ट्यूब बोटीवर कुठे आणि कशी ठेवायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण त्यातल्या एका मुद्द्यासाठी मला ट्यूब पुन्हा बाहेर काढून मोजमाप करायचं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहता. लेक ट्रॅव्हिसवर पाच वर्षं तीन माणसांची ट्यूब फुगवलेलीच नेता-आणता, तलावावरही आणि गाडीमागच्या ट्रेलरवरही. मागच्या बाजूला दोन बंजी, म्हणजे टोकाला आकडे असलेल्या ताणणाऱ्या रबरी दोऱ्या, लावल्या की काम होतं, आजवर काही झालेलं नाही. हवा काढून पुन्हा भरायची तर ४५ मिनिटं जातात, आणि ‘दर वेळी हवा काढा’ असं लिहून मी नवख्या लोकांना उगाच घाबरवते. मालवणला बनाना बोटीची हवा कोण काढतं, असं तुम्ही विचारलंत. शेवटी, जी वस्तू पाण्यातच वापरायची ती वाळवायची कशाला, हेही.

‘दर वेळी’ या शब्दांबद्दल तुमचं बरोबर आहे. ते मी सरसकट लिहायला नको होतं. एक फेरी झाली, मुलं वर आली, पाणी प्यायली, पुन्हा उतरणार. एवढ्यासाठी कोणी हवा काढत नाही, मीही काढत नाही. आमच्याकडे मिनेसोटात मिनेटोन्का तलाव म्हणजे अरुंद वाटांनी जोडलेल्या खाड्यांची माळच आहे. एका खाडीतून दुसरीत जाताना आम्ही ट्यूब फुगवलेलीच पाँटूनवर, म्हणजे आमच्या सपाट डेकच्या बोटीवर, घेतो. पण घेतो ती आडवी, डेकवर टेकलेली, कठड्याच्या आत. कठड्यावर उभी नाही आणि छतावर तर नाहीच. ट्यूब वर असेल तेव्हा बोट सावकाश चालवतो. ट्यूब ठेवल्यावर बसायला जागा उरत नसेल, तर त्या दिवशी माणसं कमी घेतो.

मागच्या प्लॅटफॉर्मवर ट्यूब उभी करून बांधायची सवय मात्र मला मान्य नाही. मुलांना तिच्यावर चढून बसायचा मोह होतो, म्हणून तर नाहीच. इंजिनाचा धूर तिथेच बाहेर पडतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. शिवाय शिडी झाकली जाते आणि चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही. पाण्यात पडलेलं माणूस शोधताना नेमकी तीच बाजू लागते.

रस्त्याबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. का, ते सांगते.

तीन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही लेक पेपिनहून परत येत होतो. मिसिसिपी नदी जिथे रुंद होऊन तलाव बनते ते हे ठिकाण. १९२२ साली राल्फ सॅम्युएल्सन या तरुणानं इथेच, लेक सिटी गावाजवळ, पाइनच्या फळ्या वाकवून पाण्यावर पहिल्यांदा स्कीइंग केलं. वॉटर स्कीइंगचा खेळ आमच्या या राज्यात जन्मला, आणि तिथे जाताना मला दर वेळी त्याचं अप्रूप वाटतं. त्या दिवशी संध्याकाळ होत आली होती, मुलं पेंगुळली होती, आणि मी म्हटलं, ट्यूब तशीच बोटीत टाकू, घरी जाऊन बघू. दोन बंजी लावल्या. तुमच्यासारख्याच.

हायवे ६१ वर पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग समोरून एक मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला आणि आरशात ट्यूब बोटीतून उभी राहिलेली दिसली. एक बंजी सुटली. दुसरी ताणली गेली आणि क्षणभर ट्यूब त्या एकाच दोरीवर पतंगासारखी तरंगली. मग तीही गेली. मागून येणाऱ्या गाडीनं करकचून ब्रेक लावला. ट्यूब रस्त्याला एकदा आपटून कडेच्या गवतात पडली. कोणाला लागलं नाही. त्या गाडीतल्या आजी खाली उतरल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, आणि मी त्यांच्यासमोर नुसती उभी होते. त्यांना काय बोलावं ते मला सुचलं नाही. तो प्रसंग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि मूळ लेख मी त्यामुळेच लिहिला.

मोजमाप केलं ते याचसाठी. आमची ट्यूब साधारण ६ फूट लांब, ६ फूट रुंद. वजन १५ किलो. ती उठून वाऱ्याला सपाट आडवी आली तर ताशी २५ मैल वेगाला तिच्यावर सुमारे २५ किलोंचा जोर येतो. म्हणजे तलावावरच्या वेगालाही तो तिच्या वजनापेक्षा जास्त. ताशी ६५ मैलांना हाच जोर सुमारे १७० किलो होतो, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. समोरून वारा असेल तर तो वेग यात आणखी मिळवायचा. तुमच्या तलावावरच्या पाच वर्षांचा अनुभव खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तलावावर जी बंजी टिकते तिच्यावर हायवेला जवळजवळ सातपट भार येतो. रस्त्यावरही ती आजवर टिकली, याचा अर्थ ट्यूब आजवर उठली नाही एवढाच.

हवेच्या जोरावर ट्यूब उडते हे आपल्याला पाण्यावर नीट कळतं, रस्त्यावर आपण विसरतो. मुद्दाम उडणाऱ्या काइट ट्यूब एकेकाळी बाजारात होत्या. माणसासकट हवेत उठायच्या आणि वरून पाण्यावर आपटायच्या. दोन मृत्यू आणि बऱ्याच गंभीर दुखापती झाल्यावर २००६ च्या जुलैत अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत अशा सुमारे १९,००० ट्यूब परत मागवल्या गेल्या. त्यांचा आकार वेगळा होता, हे मान्य. पण सपाट, हलक्या, हवा भरलेल्या वस्तूखाली वारा शिरला की काय होतं, ते तेच.

बंजीचा दोष तिच्या गुणातच आहे. ती ताणते. ट्यूबची कड दोन बोटं उचलली की बंजी दोन बोटं जागा देते, त्या फटीतून आणखी हवा आत जाते, कड आणखी उठते. सुटली की टोकाचा लोखंडी आकडा कुठे जाईल सांगता येत नाही. तो डोळ्याच्या उंचीवर असतो. त्यापेक्षा न ताणणारा विणलेला पट्टा घ्या, बकलचा. दोन पट्टे एकमेकांवर फुलीसारखे, ट्यूबच्या अंगावरून. ट्यूबच्या हँडलना काही बांधू नका. ती कव्हरला शिवलेली असतात, माणसाच्या हातासाठी. आणि ओढायचा दोर बांधायला वापरू नका. तीन माणसांच्या ट्यूबच्या दोराची ताकद किमान ३,३५० पौंड असावी लागते. एकदा तो कठड्याच्या कोपऱ्यावर घासला की त्यातली किती उरली हे बघून कळत नाही. आमचा दोर ट्यूबपासून सोडवून वेगळ्या पिशवीत जातो. सैल दोर पाण्यात राहिला आणि बोट मागे घेतली, तर तो इंजिनाच्या पंख्यात गेलाच म्हणून समजा.

ऑस्टिनचं ऊन हा माझ्या दृष्टीनं आणखी एक मुद्दा आहे. सकाळी २० अंशाला ट्यूब १ पीएसआय दाबापर्यंत भरली आणि दुपारी ती उन्हात ५० अंशांना तापली, तर आतला दाब हिशेबानं २.६ पीएसआयच्या आसपास जातो. ट्यूब थोडी ताणते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरेल. पण पट्ट्यांनी ती आवळून ठेवली असेल तर तिला ताणायला जागाच नसते. उलट, गार पाण्यात ट्यूब मऊ पडते, लोक म्हणतात हवा गेली, आणखी भरतात. मग तीच ट्यूब डेकवर येऊन तापते आणि शिवण उसवते. ट्यूब पाण्यात असताना हवा पुरेशी करा, आणि ती डेकवर ठेवताना थोडी सोडा. उसवलेल्या शिवणीपाशी बसून पंपाला दोष देणारे लोक मी पाहिले आहेत. पंपाचा त्यात काही दोष नसतो.

४५ मिनिटांचं कोडंही मला वाटतं सुटेल. व्हॉल्व्हचं वरचं टोपण उघडून हवा जायची वाट बघत असाल तर तेवढा वेळ लागेलच, कारण ती वाट एकतर्फी आहे, हवा आत घेण्यासाठी. त्याच्या खालचा मोठा भाग फिरवून पूर्ण काढा. मग १२ व्होल्टच्या पंपाची नळी फुंकणाऱ्या तोंडाऐवजी ओढणाऱ्या तोंडाला लावा. बहुतेक पंपांना ते असतं, लोकांच्या लक्षात येत नाही. या आठवड्यात मी घड्याळ लावून पाहिलं. हवा काढून, गुंडाळून, बोटीच्या तळाशी पट्ट्यानं बांधेपर्यंत ११ मिनिटं. मुलगा मदतीला होता. एकटीला १५ लागतील.

आता मालवण. माझं आजोळ तिथलं, म्हणून हा मुद्दा मला जवळचा. तारकर्लीला, देवबागला बनाना बोट बोटीवर चढवून नेत नाहीतच. ती पाण्यावरूनच ओढतात, किनाऱ्यालगतच, आणि संध्याकाळी चारजणं मिळून वाळूवर ओढून घेतात. तिला हायवे लागत नाही. पावसाळ्यात खेळच बंद असतात. त्यामुळे तिची हवा कोणी काढत नाही, हे खरं असलं तरी आपल्या ट्रेलरला ते लागू होत नाही. माझ्या आजोळच्या किनाऱ्यावरून उदाहरण घ्यायचंच असेल तर मी रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, घेईन. ओलं जाळं कोणी ढिगात टाकून घरी जात नाही. दमलेली माणसंही ते आधी वाळूवर पसरतात.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे. वाळवायची कशाला? माझ्या लेखात हे दोन ओळींत उरकलं होतं, ती माझी चूक. ट्यूबच्या आतला फुगा पाणी धरत नाही. त्याच्यावरचं नायलॉनचं कव्हर धरतं. फुगा आणि कव्हर यांच्यामध्ये, चेनच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं, आणि वरून हात फिरवला तर ट्यूब कोरडी वाटते. हायवे ६१ वरून उचलून आणलेली ती ट्यूब मी दुसऱ्या दिवशी अंगणात उघडली. कव्हर बादलीत पिळलं. पावणेदोन लिटर पाणी निघालं, शेवाळाच्या तुकड्यांसकट. मिसिसिपीचं पाणी. पुढच्या रविवारी आम्ही ते तसंच एका छोट्या, स्वच्छ तलावात घेऊन जाणार होतो.

झेब्रा शिंपले म्हणजे बाहेरून आलेले, तलावात झपाट्यानं पसरणारे छोटे शिंपले. त्यांचं बाळपण अशाच पाण्यात तरंगत जातं, डोळ्यांना न दिसणारं. मोठे झाले की ते धक्क्याला, इंजिनाला, पाण्याच्या नळांना थर लावून चिकटतात आणि पोहणाऱ्यांचे तळवे कापतात. आमच्या राज्यातल्या डुलुथच्या बंदरात ते १९८९ मध्ये सापडले, मिनेटोन्कात २०१० मध्ये. तुमच्या लेक ट्रॅव्हिसमध्ये २०१७ मध्ये. एकदा तलावात वस्ती झाली की ती परत निघत नाही. टेक्सासमध्ये सार्वजनिक पाण्यातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढायचा नियम २०१४ पासून राज्यभर आहे. आमच्याकडे तळाचं बूच काढून ठेवूनच बोट रस्त्यावर आणावी लागते. बूच आपण सगळे काढतो. ट्यूबच्या कव्हरची चेन फार कमी लोक उघडतात, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. दुसऱ्या तलावावर जायच्या आधी ट्यूब चेन उघडून, उलटी टांगून पाच दिवस तरी वाळू द्या. त्याच तलावावर परत जाणार असाल तर एवढी घाई नाही, पण मग बुरशी धरेल. तो कुबट वास काही केल्या जात नाही.

हिवाळ्याचा प्रश्न तुम्हाला नाही, आम्हाला आहे. उणे २० अंशांत गॅरेजमधली ट्यूब फळीसारखी कडक होते आणि घडीवर चिरते, म्हणून ती तळघरात जाते. घडी घालू नका, सैल गुंडाळा, म्हणजे दर वेळी त्याच रेषेवर ताण येत नाही. उंदरांपासून झाकणाच्या डब्यात ठेवलेली बरी.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे मूळ लेखात आज दोन बदल केले आहेत. ‘दर वेळी हवा काढा’ हे वाक्य काढून तिथे लिहिलं आहे : ‘पाण्यावर दोन फेऱ्यांच्या मध्ये ट्यूब आडवी, कठड्याच्या आत, पट्ट्यानं बांधून ठेवा, बोट ट्रेलरवर चढली की रस्त्याला लागण्याआधी पूर्ण हवा काढा.’ आणि कव्हर पिळण्याचा परिच्छेद वाढवला आहे, बादलीच्या फोटोसह. तुमच्या बोटीवर मागचा कठडा किती उंच आहे आणि पट्टा अडकवायला खाली कड्या आहेत का, तेवढं कळवा. कड्या नसतील तर पट्टा कुठून फिरवायचा ते मी चित्र काढून पाठवते.