उत्पन्न: निरंक

क्रेडिट कार्डाच्या अर्जात ‘वार्षिक उत्पन्न’ असा एक रकाना असतो. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शून्य टाकलं की खाली लाल अक्षरांत उमटतं, ‘कृपया योग्य रक्कम भरा’. अहो, तीच योग्य रक्कम आहे! विद्यार्थिनीच्या आर्थिक परिस्थितीचं याहून चोख वर्णन लेखापरीक्षकालाही जमायचं नाही. पण त्या रकान्याला सत्य नको असतं, आकडा हवा असतो.

एवढं करून कार्ड हवं कशाला, तर पत तयार व्हावी म्हणून. पत नसेल तर कर्ज मिळत नाही, आणि कर्ज घेऊन फेडल्याशिवाय पत तयार होत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली तो नक्की बँकेच्या दारातून परत आलेला असणार.

एकेकाळी हे असं नव्हतं. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना टपालाने कार्डं पाठवली. कुणी मागितली नव्हती, कुणी अर्ज केला नव्हता. पाकीट फोडलं की आत उधारी तयार! थकबाकी ४ टक्क्यांच्या आसपास राहील असा बँकेचा अंदाज होता, ती २२ टक्क्यांवर गेली. त्या मंडळींनी तेव्हा जी चैन केली तिचा खुलासा आता माझ्याकडे मागितला जातोय, असं ती लाल अक्षरं बघताना मला वाटत राहतं.

बरं, नुसतं कार्ड घेऊन भागत नाही, रिवॉर्डवालं घ्यायचं असतं. खर्च केल्याबद्दल बक्षीस! आमच्या घरात खर्च केल्याबद्दल आजवर फक्त प्रश्न विचारले गेलेत, त्यामुळे ही कल्पनाच मला इतकी गोड वाटली की मी लगेच रूममेटला सांगितली. ती संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. तिने त्याच रात्री एक्सेलची शीट उघडली आणि त्या शीटने आमच्या अभ्यासाचा जीव घेतला.

पॉइंटांचं गणित बघा. एका कार्डावर दर शंभराच्या खर्चाला ४ पॉइंट, दुसऱ्यावर फक्त १. कुणीही ४ वालं उचलेल. पण बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पहिल्याचा एक पॉइंट म्हणजे पाव रुपया, दुसऱ्याचा अख्खा रुपया. म्हणजे दोन्हीकडे हिशेब १ टक्क्याचाच. आणि तो पावही विमानाचं तिकीट काढलं तर; रोख मागितले तर अनेकदा भाव आणखी पडतो. शिवाय पॉइंटांना मुदत असते, आणि काही ठिकाणी ते वापरण्याचंही शुल्क असतं. बक्षीस घ्यायला आल्याबद्दल दंड, हा प्रकार मला शाळेत असताना सुचायला हवा होता.

मग ‘वेलकम बोनस’. पहिल्या ९० दिवसांत अमुक इतका खर्च करा आणि घसघशीत पॉइंट मिळवा. तो अमुक खर्च म्हणजे माझं अख्खं सत्र, जेवणाखाण्यासकट. रूममेटचं म्हणणं, अशक्य नाही, वर्गातल्या सगळ्यांची बिलं आपण भरायची आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे. वर्गातले लोक मला माहीत आहेत. पेन परत करत नाहीत.

वार्षिक शुल्काच्या रकान्यात तर सरळ विनोदच होता. शुल्क ५०० आणि कॅशबॅक १ टक्का असेल तर ५०,००० खर्च होईपर्यंत तुम्ही फक्त शुल्कच वसूल करत असता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शुल्कवाली सगळी कार्डं शीटमधून उडवली, तेव्हा दादाचा फोन आला. तो दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागला, तेव्हापासून या विषयातला अधिकारी. “विमानतळावरचा लाउंज ॲक्सेस असल्याशिवाय घेऊ नकोस,” म्हणाला. म्हटलं, दादा, मी सुट्टीत रात्रीच्या बसने घरी येते. बस स्टँडला लाउंज नसतो. तो म्हणाला, “पुढचा विचार करायचा असतो गं.”

खरी मेख अपवादांच्या यादीत होती. जाहिरातीत ‘सर्व खरेदीवर’ आणि त्याला एक इवलीशी चांदणी. ती चांदणी सातव्या पानावर उगवते: शैक्षणिक शुल्क, घरभाडं, इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर रिवॉर्ड नाही. विद्यार्थ्याच्या खर्चातून फी आणि भाडं वजा केल्यावर उरतं काय? झेरॉक्स.

त्यातही गंमत अशी की प्रत्येक दुकानाला कार्डवाल्यांच्या लेखी एक चार आकडी कोड असतो. किराणा ५४११, उपाहारगृह ५८१२, पुस्तकांचं दुकान ५९४२, महाविद्यालय ८२२०. तुम्ही काय घेतलंत याला किंमत नाही, मशीन कुठल्या कोडवर नोंदलंय त्यावर सगळं ठरतं. आमच्या कँटीनमधलं मशीन कॉलेजच्याच नावावर असेल, तर तिथे मी कितीही पोटभर जेवले तरी कार्डाच्या दृष्टीने मी शिक्षण घेत असते, आणि शिक्षणाला रिवॉर्ड नाही. खात्री करून घ्यावी म्हणून रूममेटने काउंटरवर विचारलं, “काका, तुमचा मर्चंट कोड काय आहे?” काकांनी तिच्याकडे, मग मागच्या रांगेकडे पाहिलं. “सुट्टे आहेत का?”

व्याजाचा रकाना मात्र शीटमध्ये भरल्यावर आम्ही दोघी जरा गप्प झालो. महिना ३ टक्के ऐकायला बिचारं वाटतं. चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. बिलावर ठळक अक्षरांत ‘किमान देय रक्कम’ असते, समजा बाकी रकमेच्या ५ टक्के. तेवढीच भरत राहिलं आणि नवी दमडीही खर्च केली नाही, तरी बाकी निम्म्यावर यायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. पदवीचा फोटो भिंतीवर लागेल, त्याच्या काचेवर धूळ बसेल, आणि पहिल्या सत्रातल्या हेडफोनचे निम्मे पैसे अजून फेडायचेच असतील. शिवाय एकदा बाकी ठेवली की बिनव्याजी मुदत बहुधा जाते, नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. बक्षिसांचा पैसा काही दुकानदारांच्या शुल्कातून येतो आणि काही अशा लोकांच्या व्याजातून. पूर्ण बिल भरणाऱ्याला १ टक्का मिळतो, तो काही अंशी शेजारच्याच्या ४२ मधला.

शेवटी बँकेतल्या मॅडमनी मार्ग सांगितला. “उत्पन्न नसेल तर तुम्ही मुदत ठेव ठेवा, त्यावर कार्ड देतो. मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी.” मी घरी फोन केला. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे पैसे आपले?”

“हो.”

“ते बँकेकडे ठेवायचे?”

“हो.”

“आणि मग बँकेकडून तेच उधार आणायचे? चुकलं तर त्यावर व्याजही द्यायचं?”

“पण त्याने पत तयार होते, आई.”

“कुणाची?”

वर आणखी एक मेख. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आतच खर्च ठेवावा, नाहीतर पत मोजणाऱ्या क्रेडिट स्कोअरला ते मानवत नाही, असं सगळे जाणकार सांगतात. म्हणजे पैसे माझे, कर्ज माझंच, आणि त्यातलाही जेमतेम तिसरा हिस्सा वापरायचा. हे मी आईला सांगितलं नाही. तिला रक्तदाबाचा त्रास आहे.

तर निवडलं. वार्षिक शुल्क नाही, सरसकट १ टक्का, पॉइंट नाहीत, विमानप्रवासाचे मैल नाहीत, बक्षिसांचा कॅटलॉग नाही. ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटरचा तुकडा, जगातल्या बहुतेक कार्डांचं माप हेच. पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सोयही लावली. ॲपमध्ये ‘किमान रक्कम’ आधीपासून निवडलेली होती आणि ‘पूर्ण रक्कम’ शोधायला खालपर्यंत जावं लागलं. रूममेटने वर्षभरात मला साधारण किती कॅशबॅक मिळेल ते काढून दिलं. शीट बनवताना ती जितकी रात्र जागली, त्या हिशेबाने तिला तासाला काय पडलं तेही काढलं, आणि मग तो रकाना पुसला.

दादाला फोटो पाठवला. लगेच फोन.

“यात लाउंज नाहीये.”

म्हटलं, “लायब्ररीत एसी आहे.”