रंगाचा डबा सोडून बाकी सगळं

जुनी गाडी रंगवायचीय असं नुसतं म्हटलं की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, कुठला रंग देणार? मिस्त्री मात्र हे विचारतच नाही. तो गाडीभोवती एक चक्कर मारतो, खाली उकिडवा बसतो, दाराच्या खालच्या कडेवर नख मारून बघतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी चालवायचीय का दाखवायचीय?" ह्याचं उत्तर फार जपून द्यावं. चालवायचीय म्हणालात तर एक आकडा, दाखवायचीय म्हणालात तर त्याच्या कितीतरी पट, आणि माझ्यासारखं "दोन्ही" म्हणालात तर तो वहीच मिटून ठेवतो.

माझा एक मित्र हिशोबात भयंकर पक्का. त्याने रंगाच्या डब्याची किंमत काढली, थिनर आणि रंग कडक करणारं हार्डनर मिळवलं, वर मजुरी म्हणून काहीतरी धरलं आणि कोटेशन बघून जाहीर केलं की हा माणूस तुला लुटतोय. आता त्याला कोण सांगणार की डब्याचे पैसे हा बिलातला सगळ्यात निरुपद्रवी भाग असतो, खरे पैसे जातात ते रंगाखाली जे काही आहे त्याच्यात, आणि ते नंतर कुणालाच दिसत नाही, अगदी तुम्हालाही नाही.

खाली काय आहे ते कळायला मिस्त्रीने खिशातून चपटं चुंबक काढलं. पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही, शाळेतलं विज्ञान. बॉनेटला चिकटलं, छताला चिकटलं, मागच्या मडगार्डला लावलं तर टपकन खाली. परत लावलं, परत पडलं. "इथे पत्रा आहे ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं असावा. मग त्याने जाडी मोजायचं मीटर आणलं. कंपनीतून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी जाडी. डाव्या दारावर मीटरने आकडा दाखवायलाच नकार दिला. मी म्हटलं निदान अंदाज तरी सांगा, तर ऑपरेशनच्या आधी सर्जन बोलतात तसं म्हणाला, उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

उघडलं. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा प्रायमर, त्याखाली कुणीतरी गंजाच्या भोकावर फायबरची जाळी टाकून वर मुक्त हस्ताने पुट्टी थापलेली, आणि तळाशी मूळचा क्रीम कलर. आधीच्या प्रत्येक मालकाने आपापली लाज रंगाखाली झाकलेली होती आणि ती सगळी एकदम माझ्या बिलात आली. बरं हे उतरवणंही सोपं नाही. सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाने वाळूचा मारा, भराभर होतं, पण मोठ्या सपाट पत्र्यावर जरा जोरात झालं तर पत्राच वाकतो, मग तो सरळ करायचे पैसे वेगळे. म्हणून बॉनेट, दारं, छत सगळं केमिकल लावून हाताने. त्यात जुन्या रंगात शिसं असू शकतं, काही जुन्या गाड्यांचे जोड तर कंपनीनेच शिसं ओतून भरलेले असतात, म्हणजे मास्क आला, धूळ ओढणारं मशीन आलं. वहीत ओळ वाढली.

मी म्हटलं सरळ काळा मारून टाकू. फोर्डने १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, आणि मला हे धोरण मनापासून पटतं, रंगावरून घरात मिटिंग घ्यायचा प्रश्नच नाही. तर मिस्त्री म्हणाला, काळा सगळ्यात महाग पडेल साहेब, काळ्यात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते, घासाई डबल. मग मुकाट्याने क्रीमच.

आणि आता घासाई. सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा घासता येणारा थर, मारला, गाडी कशी एकसारखी करडी, शांत दिसायला लागली. त्यावर ह्या माणसाने मुद्दाम काळ्या रंगाचा हलका फवारा मारला आणि लांब ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून तेच काळं घासून काढायला बसला. जिथे काळं उरतं तिथे खड्डा. भरा, परत सरफेसर, परत काळं, परत घासा. १८० चा पेपर, मग ३२०, मग ४००, मग ६००, आकडा वाढेल तसा पेपर बारीक. म्हणजे पैसे देऊन लावलेला माल पैसे देऊनच काढायचा आणि जो काही उरेल तो आपला. मधेच मला बोलवून म्हणाला, डोळे मिटा आणि हात फिरवून बघा, लागतंय का? मला काहीही लागलं नाही. दार होतं, गार होतं, एवढंच. त्याला मात्र लागलं. परत सरफेसर.

तोवर गाडीचे बंपर, दिवे, हँडल, काचा, रबरं सगळं डब्यांमधे. ते न काढता नुसती मास्किंग टेप लावून रंगवलं की स्वस्तात होतं, पण कडेला रंगाची रेघ राहते आणि काही दिवसांनी तिथूनच टवके उडतात. काढलं की जुनं रबर परत बसत नाही, क्लिपा तर हात लावायच्या आधीच तुटतात. आणि नव्या रंगाशेजारी जुनं क्रोम असलं भकास दिसतं की काय सांगू. क्रोम करायचं म्हणजे आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, आणि प्रत्येकाआधी परत घासाई! ह्या जगात सगळे रस्ते पॉलिश पेपरकडे जातात.

प्रत्यक्ष रंग मारणं? एका दुपारचं काम. हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, फुफ्फुसाला वाईट, म्हणून मिस्त्री बाहेरच्या हवेची नळी लावलेला मास्क घालून रंगाच्या बंद खोलीत, म्हणजे बूथमधे. आमचा हिशोबी मित्र ऐन वेळेला डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे भेट म्हणून घेऊन आला, त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर पडलं की रंग तिथे थांबतच नाही, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात, त्यामुळे त्याला डब्यासकट दूर उभं केलं. तिथूनही तो थिनरचे लिटर मोजत होता.

मग सुकल्यावर वाटलं संपलं, तर १५०० आणि २००० चा पेपर. चमकत्या नव्या रंगावर! संत्र्याच्या सालीसारखे बारीक दाणे असतात ते सपाट करायला म्हणे. मी बघू शकलो नाही, चहा प्यायला गेलो.

गाडी मिळाली. पहिल्याच सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या एका काकांनी काच खाली केली, बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाले, "वा, ओरिजिनल पेंट दिसतोय. कुणी कितीही सांगितलं तरी उगाच रिपेंटच्या खर्चात पडू नका हं."

मी म्हटलं, नाही काका, नाही पडणार.