मऊ झालंय, म्हणजे पाणी पोचलं!

आठ दिवस गावी जाताना शेजारच्या काकूंना गच्चीची किल्ली दिली आणि एकच सांगितलं, अ‍ॅडेनियमच्या झाडाला पाणी घालू नका. परवा परतलो तर कुंडीखाली बशी, बशीत पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या वळवळतायत.

"मला राहवेना रे," काकू म्हणाल्या. "वैशाखाचं ऊन, आणि लेकरू उपाशी! दोन्ही वेळ तांदळाचं धुवण घातलं."

"काकू, ते वाळवंटातलं झाड आहे."

"तिथे घालणारं कुणी नाही म्हणून. इथे आपण आहोत ना!"

मी बुंध्याचा फुगीर गड्डा दाबला. अंगठा आत गेला.

"बघ!" काकूंचा चेहरा फुलला. "आधी नुसता दगड होता. आता मऊ झालंय, म्हणजे पाणी पोचलं!"

पोचलं खरं. हे झाड त्या गड्ड्यातच पाणी साठवून ठेवतं. शिवाय माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात, बुरशी शिरते आणि सड खालून वर चढते. म्हणून तर दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग जुनं शेणखत असं मिश्रण, उथळ मातीची कुंडी, मोठी भोकं आणि किमान सहा तास ऊन. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, तेही भोकातून वाहीपर्यंत. थंडीत पानं गळाली की जवळजवळ बंदच. पावसात छपराखाली. हे काकूंना मी दोनदा ऐकवलंय. दोन्ही वेळा "बरं" म्हणाल्या होत्या.

मग सुरी स्पिरिटने पुसून सडका भाग कापत गेलो, पांढराशुभ्र गर लागेपर्यंत. तपकिरी ठिपका एक जरी राहिला तरी सड पुन्हा सुरू. हातमोजे हवेतच, झाड कण्हेरीच्या कुळातलं, आफ्रिकेत याचा विषारी चीक बाणांना लावत. ही माहिती काकूंना अजून दिलेली नाही. राखून ठेवलीय.

कापलेल्या जागेवर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा लेप. आता आठवडाभर सावलीत सुकवायचं, कोरड्या मिश्रणात लावायचं आणि पुढचा आठवडाही पाणी नाही.

सहा वर्षांचा गड्डा अर्धा गेला. त्याचं कुणाला काही नाही, जिन्यात भेटेल तो मलाच विचारतो, "काकूंना बोललास म्हणे?"

झाड खिडकीत वर्तमानपत्रावर मुळं उघडी टाकून पडलंय. काल काकू ताकाची वाटी घेऊन आल्या. म्हटलं, समेट झाला. वाटी तोंडाला लावणार, तेवढ्यात त्या ओरडल्या, "अरे, तुला नाही!"