‘गटे’ हे आडनाव दुर्मीळ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जर्मन महाकवी गटे याचे आडनाव आज दुर्मीळ आहे ते त्याच्या शिंपी आजोबांनी निवडलेल्या वेगळ्या स्पेलिंगमुळे, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप मला समजले ते असे. या आडनावाचा अर्थ ‘देवांचा वंशज’ किंवा ‘गॉथ’ (त्या नावाच्या प्राचीन जर्मानिक टोळीतला) असा असून तो खुद्द कवीच्या आत्मचरित्रातच दिलेला आहे. आजोबा शिंपी होते हे सांगण्याची काही गरज नव्हती, त्याने कवीला उगाच कमीपणा येतो. १८८५ मध्ये वंश खुंटला एवढे एकच कारण दुर्मीळतेला पुरेसे असताना मी स्पेलिंगचा घोळ घातला. शिवाय आपल्या कार्यालयातील एका जर्मन सहकाऱ्याचे आडनाव हेच आहे, तो स्वतःला कवीचा वंशज म्हणवतो आणि अमेरिकेतही या नावाची माणसे सापडतात, त्यामुळे ‘दुर्मीळ’ हा शब्दच गैरलागू आहे. वंश खुंटला असेल तर वंशज सहकारी कुठून आला, हा प्रश्न आपल्या प्रतिक्रियेतच शिल्लक राहतो. तरीही प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर देणे योग्य होईल.

आधी अर्थाबद्दल. आपण ज्या प्रसंगाचा हवाला दिला आहे तो १७७०-७१ च्या हिवाळ्यातील स्ट्रासबुर्गचा आहे. एकवीस वर्षांचा गटे तिथे कायद्याचा अभ्यास करीत होता आणि त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असलेला विचारवंत आणि समीक्षक हेर्डर डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी येऊन राहिला होता. हेर्डरला रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांचे पुस्तक हवे होते आणि त्यासाठी त्याने गटेला एक पद्यबद्ध चिठ्ठी पाठवली. तीत त्याने या तरुणाच्या आडनावाशी उच्चाराने जुळणारे तीन शब्द ओवले आणि तू नेमका कोणापासून उत्पन्न झालास, असे गमतीने विचारले: देवांपासून, गॉथांपासून, की चिखलापासून? आपण या तिघांपैकी देव आणि गॉथ तेवढे उचललेत आणि चिखल सोडून दिलात. हेर्डरच्या कोटीतील खरा डंख त्या तिसऱ्या शब्दात होता आणि तो गटेला इतका झोंबला की चाळीसएक वर्षांनी आत्मचरित्र लिहितानाही त्याची आठवण ताजी होती. माणसाचे नाव हे अंगावरून काढून झटकता येणाऱ्या झग्यासारखे नसून कातडीसारखे त्याच्या अंगाशी वाढलेले असते, ते ओरबाडले की इजा होतेच, अशा आशयाचे त्याने तिथे लिहिले आहे. म्हणजे तो आडनावाचा अर्थ सांगत नव्हता, आडनावावर झालेल्या थट्टेबद्दल तक्रार करीत होता. त्या चिठ्ठीला व्युत्पत्तीचा पुरावा मानायचे असेल, तर चिखलालाही देवांइतकाच मान द्यावा लागेल.

प्रत्यक्षात हे आडनाव बरेच साधे आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मन भाषक प्रदेशांत आडनावे स्थिरावू लागली, तेव्हा वडिलांचे नाव हाच अनेक घराण्यांचा आधार ठरला. गॉटफ्रीडसारख्या, ‘गॉट’ म्हणजे देव या घटकाने सुरू होणाऱ्या नावांची घरगुती, तोडलेली रूपे सर्वत्र प्रचारात होती. त्यांतून ग्योडे, ग्योटे, ग्योडेके अशी आडनावे निघाली. दुसरी मान्य व्युत्पत्ती अशी की मध्यकालीन जर्मनमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याला याच्याशी जुळणारा शब्द होता आणि त्यावरून एखाद्याला ते टोपणनाव पडले. दोन्ही वाटांनी शेवटी देव या शब्दापाशी पोहोचता येते, इतपत आपले म्हणणे मान्य आहे. पण गॉटफ्रीड नावाच्या कुणा शेतकऱ्याचा मुलगा असणे आणि देवांचा वंशज असणे यांत अंतर आहे. त्याच गोतावळ्यातले ग्योडेके हे नाव १४०० च्या सुमारास उत्तर समुद्रात धुमाकूळ घालणाऱ्या ग्योडेके मिशेल्स या चाच्याचे होते, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन साहित्याची अफाट सूची करणाऱ्या कार्ल ग्योडेके या अभ्यासकाचे आडनावही तेच होते.

गॉथांची गोष्ट मात्र अगदीच निराधार नाही, फक्त ती दुसऱ्या माणसाची आहे. बर्लिनच्या राजवाड्यावर आणि तिथल्याच शार्लोटेनबुर्ग प्रासादावर काम केलेला वास्तुविशारद इओझांडर हा स्वीडनच्या अमलाखालील पोमेरेनियातला. १७१३ मध्ये स्वीडनकडून त्याला उमरावपद मिळाले आणि तो ‘फॉन ग्योटे’ झाला. स्वीडनच्या राजांच्या बिरुदावलीतच गॉथांचा उल्लेख असे, त्यामुळे त्या दरबाराने दिलेल्या नावात कुणी गॉथ शोधले तर ते समजण्यासारखे आहे. पण हा इओझांडर कवीच्या जन्माआधी एकवीस वर्षे, १७२८ मध्ये वारला आणि त्याचा मध्य जर्मनीतील थ्युरिंगियातल्या कवीच्या कुटुंबाशी संबंध नव्हता. इंटरनेटवरच्या वंशावळींत या दोन नावांची सरमिसळ हमखास होते.

आता शिंप्याबद्दल, कारण लेखाचा कणा तोच आहे. कवीचे पणजोबा हान्स क्रिस्टियान हे उनस्ट्रुट नदीकाठच्या आर्टर्न गावात घोड्यांना नाल ठोकणारे लोहार होते आणि त्यांचे आडनाव रोमन ‘ओ’ या अक्षरावर दोन टिंबे देऊन (Göthe) लिहिले जाई. त्यांचा मुलगा फ्रीडरिश गेओर्ग (कवीचा शिंपी आजोबा) १६५७ मध्ये जन्मला, शिवणकाम शिकला आणि कारागिरांच्या रीतीप्रमाणे हिंडत हिंडत फ्रान्समधील लियोंला पोहोचला. रेशमाच्या त्या शहरात तो स्त्रियांचे उंची कपडे शिवायला शिकला. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारे नांतचे आज्ञापत्र रद्द केले, प्रोटेस्टंटांना फ्रान्समध्ये राहणे अवघड झाले आणि हा लुथरपंथी शिंपी मायदेशी परतला. १६८७ मध्ये तो फ्रँकफुर्टचा नागरिक झाला. येताना त्याने फ्रेंच कापाचे कसब तर आणलेच, शिवाय आडनावाचे नवे लेखनही आणले. फ्रेंचमध्ये टिंबवाला ‘ओ’ नाही, म्हणून टिंबे गेली आणि ‘ओ’च्या पुढे ‘ई’ आले (Goethe). पॅरिस-लियोंची हवा लागलेल्या शिंप्याकडे फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरांतील बायका येणार, हे त्याला नक्कीच कळत असावे. हा नुसता नखरा होता असेही नाही, कारण जर्मनमधले टिंबवाले अक्षर मुळातच ‘ओ’च्या डोक्यावर छोटा ‘ई’ लिहिण्याच्या जुन्या पद्धतीतून आलेले आहे आणि जोडअक्षराची पद्धत जर्मनांना परकी नव्हती. फरक एवढाच की या माणसाने दोन पर्यायांपैकी एक निवडला आणि तो मुलाबाळांना दिला.

पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये त्याने वायडेनहोफ या खानावळीच्या विधवा मालकिणीशी लग्न केले, कात्री ठेवून दिली आणि खानावळ व दारूचा व्यापार यांत एवढा पैसा मिळवला की त्याचा मुलगा, म्हणजे कवीचे वडील योहान कास्पर, आयुष्यभर नोकरी न करता ग्रंथ आणि चित्रे जमवीत बसू शकले. १७४२ मध्ये त्यांनी ‘शाही सल्लागार’ ही पदवीही विकत घेतली. कवीच्या शिक्षणाचा, प्रवासाचा आणि निवांतपणाचा पाया त्या शिंप्याच्या कमाईत आहे. आत्मचरित्रात कवी आईच्या वडिलांबद्दल, फ्रँकफुर्टच्या टेक्स्टॉर यांच्याबद्दल, भरभरून लिहितो आणि शिंपी आजोबांना जवळपास वगळतो, हे खरे. तो संकोच त्याच्या काळाचा होता. आपण तो चालवण्याचे कारण नाही. नामा शिंपी, सावता माळी आणि गोरा कुंभार अशी नावे ज्या भाषेत आदराने घेतली जातात, त्या भाषेत शिंपी या शब्दाने कवी लहान होतो असे म्हणणे मला तरी पटत नाही. जाता जाता सांगतो, त्या भारदस्त टेक्स्टॉर घराण्याचे मूळ आडनाव वेबर, म्हणजे विणकर. एका पूर्वजाने त्याचे लॅटिन भाषांतर करून घेतले. एका बाजूचा शिंपी, दुसऱ्या बाजूचा विणकर, आणि दोन्ही घरांनी आडनावाला परदेशी इस्त्री केलेली.

वंश खुंटल्याचा मुद्दा तथ्य म्हणून बरोबर आहे. १७८२ मध्ये सम्राटाकडून उमरावपद मिळाल्यावर कवी ‘फॉन गटे’ झाला. त्याच्या मुलांपैकी ऑगुस्ट तेवढा जगला आणि तोही १८३० मध्ये, वडिलांच्या आधी, रोममध्ये वारला. तिथल्या प्रोटेस्टंट स्मशानभूमीतील त्याच्या थडग्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की गटेचा पुत्र पित्याच्या आधी चाळिसाव्या वर्षी निवर्तला. त्या दगडावर ऑगुस्ट हे नावच नाही. मेल्यावरही त्याच्या वाट्याला आडनावच आले, आणि तेही वडिलांचे म्हणून. त्याची मुलगी आल्मा १८४४ मध्ये सोळा वर्षांची असताना गेली, धाकटा मुलगा वोल्फगांग १८८३ मध्ये आणि थोरला वाल्थर १८८५ मध्ये; दोघेही अविवाहित राहिले. कवीची बहीण कोर्नेलिया हिचे वंशज पुढे होते, पण अर्थातच दुसऱ्या आडनावांनी.

पण यावरून आडनाव दुर्मीळ झाले असा निष्कर्ष निघत नाही, आणि इथेच आपला व माझा मतभेद आहे. १८८५ मध्ये एक घर बंद झाले. ते घर बंद झाले नसते, वाल्थरला चार मुलगे असते, तरी या लेखनाची फार तर काही डझन माणसे वाढली असती. ज्याला आपण ‘गटे’ म्हणतो ते लेखन मुळात एका घराण्यापुरते सुरू झाले होते. त्याच मुळाची बाकी घराणी पूर्वीसारखीच टिंबे देऊन, ‘टी’च्या जागी ‘डी’ लिहून, किंवा शेवटी ‘के’ लावून नांदत राहिली आणि आजही नांदत आहेत. थोर माणसांची घराणी लवकर संपतात अशी आपल्या प्रतिक्रियेत सुचवलेली समजूत एकोणिसाव्या शतकातही होती. तिची गणिती छाननी व्हावी म्हणून इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये प्रश्न मांडला आणि वॉटसन या पाद्री गणितज्ञाने तो सोडवायला घेतला. त्यातून जे पुढे आले ते असे की प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा होत असेल, तर केवळ योगायोगाच्या चढउतारांनी प्रत्येक आडनाव केव्हा ना केव्हा संपते. त्याला प्रतिभा लागत नाही आणि शापही लागत नाही. लोहाराचे घर आणि मंत्र्याचे घर यांना नियम एकच.

लेखन गोठले कसे, हे मात्र इतिहासात नेमके दाखवता येते. १८७६ पर्यंत जर्मनीच्या बऱ्याच भागांत जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद चर्चच्या वह्यांत होई आणि पाद्री कानाला जसे ऐकू येईल तसे आडनाव लिही. एकाच माणसाचे आडनाव बाप्तिस्म्याला एका तऱ्हेने आणि दफनाला दुसऱ्या तऱ्हेने असणे यात कुणाला वावगे वाटत नसे. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या साम्राज्यात सरकारी नोंदणी आली आणि त्या दिवसांत जे लेखन वहीत पडले ते कायमचे झाले. १९०१ च्या बर्लिनमधील शुद्धलेखन परिषदेने जर्मन शब्दांतील ‘टी’नंतरचा निरुपयोगी ‘एच’ काढून टाकला, पण आडनावांना हात लावला नाही. म्हणून तो ‘एच’ या आडनावात आजही तसाच बसून आहे. जर्मन आडनावांच्या वितरणाचा जो मोठा नकाशासंग्रह झाला, तो २००५ च्या दूरध्वनी नोंदींवर आधारलेला आहे आणि त्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावे आढळली. म्युलर, श्मिट अशी थोडी आडनावे लाखोंची आणि बाकीची बहुसंख्य मूठभरांची, असे ते चित्र आहे. त्यात ‘ओ-ई’ लेखनाचे गटे मूठभरांतच येतात.

गमतीची गोष्ट अशी की ज्या देशात हे नाव सर्वांत आदराने घेतले जाते, त्या देशाची गटे इन्स्टिट्यूट भारतात मात्र मॅक्स म्युलर भवन या नावाने चालते. पुण्या-मुंबईतला विद्यार्थी जर्मन शिकायला जातो तेव्हा पाटीवर जर्मनीतील दुर्मीळ आडनावाऐवजी तिथले सर्वांत सामान्य आडनाव वाचतो.

अमेरिकेचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. तिकडे उतरलेल्या जर्मनांच्या टिंबांना इंग्रजी कागदपत्रांत जागा नव्हती; काहींनी ती सोडून दिली आणि काहींनी ‘ई’ घालून भागवले. त्यामुळे तिकडचा ‘ओ-ई’वाला गटे हा बहुधा इकडचा टिंबवाला असतो. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोचा चार्ल्स मॅथायस गटे (१८७५–१९६६) हा धनिक तिथे प्रसिद्ध होता, आणि आनुवंशिकतेच्या नावाखाली माणसांची प्रतवारी करणाऱ्या चळवळीचा तो पुरस्कर्ता असल्याने आता बदनामही आहे. त्याच्या आडनावावरून कुणी त्याला कवीच्या वायमार शहराशी जोडू नये. जर्मन पारपत्रातही हीच करामत रोज घडते: फोटोच्या पानावर आडनाव टिंबांसह छापलेले असते आणि खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत टिंबांऐवजी ‘ओ-ई’ येते, म्हणून विमानाच्या तिकिटावर प्रत्येक टिंबवाला कवीचा नावबंधू होऊन प्रवास करतो.

आपल्या सहकाऱ्याचे आडनाव आपण ई-मेलच्या पत्त्यावरून सांगितले आहे, आणि ई-मेलच्या पत्त्यातही टिंबे सहसा नसतातच. तेव्हा त्यांच्या सहीकडे पाहावे. कवीच्या पुत्रपरंपरेतले ते असू शकत नाहीत, कारण ती परंपरा १८८५ मध्ये संपली. पण त्यांचे मूळ गाव उनस्ट्रुटच्या परिसरात, आर्टर्न किंवा कान्नावुर्फच्या आसपास असेल, तर लोहार हान्स क्रिस्टियान यांच्या भावकीतले असण्याची शक्यता जरूर आहे. तसे तपासायचे झाल्यास आजोबा-पणजोबांचा जन्म कोणत्या गावी झाला हे आधी विचारावे, १८७६ पर्यंत मागे जात सरकारी नोंद काढावी आणि त्यामागे त्या गावच्या प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांत शिरावे. अशा अनेक वह्या ‘आर्किऑन’ या संकेतस्थळावर वर्गणी भरून पाहता येतात. शोध घेताना एकाच लेखनावर अडून न राहता टिंबवाले, ‘डी’वाले आणि ‘एच’ नसलेले असे सगळे पर्याय पाहावेत, कारण तीस वर्षांच्या युद्धानंतरच्या (१६४८ नंतरच्या) वह्यांत ते एकाच कुटुंबासाठी एकाच पानावर सापडू शकतात.