तोंडाला टेप लावण्याआधी नाक बघा

गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: रात्री तोंडाला टेप लावून झोपा, दिवसा नाकानेच श्वास घ्या, भ्रामरी करा, जीभ टाळूला चिकटवून ठेवा. घोरणं, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), दमा, सायनस, वाकडे दात, सगळं बरं होतं. मशीन नको, पंप नको, ब्रेसेस नकोत. परदेशात याला मायोफंक्शनल थेरपी म्हणतात. विश्वास नसेल तर 'ब्रेथ' आणि 'जॉज' ही पुस्तकं वाचा. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत.

ही दोन्ही पुस्तकं मी वाचली आहेत आणि इतरांनीही वाचावीत असं मला वाटतं. मायोफंक्शनल थेरपी हे थोतांड नाही. तोंड, जीभ, ओठ आणि घसा यांच्या स्नायूंना वळण लावणारे ते व्यायाम आहेत. या मेसेजचा राग येतो तो याचसाठी, की चांगली गोष्ट अर्धीच उचलून तो लोकांना तपासणीपासून लांब नेतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'नाकानेच श्वास घ्या' याला माझी हरकत नाही. नाकातून जाणारी हवा गाळली जाते, कोमट आणि ओलसर होऊन फुफ्फुसात पोचते. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, हे स्वीडनच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात दाखवलं. नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो खाली उतरतो आणि फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत करतो. भ्रामरीने, म्हणजे गुणगुणत श्वास सोडण्याच्या प्राणायामाने, सायनसचा आजार बरा होतो, हे मात्र यातून निघत नाही. गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासाच्या सुमारे 15 पट असतो, असं 2002 मध्ये मोजलं गेलं. तिथे वायू मोजला होता, आजार बरा झाला का हे तपासलं नव्हतं. भ्रामरी जरूर करा, पण ताप असेल आणि गालात ठणका मारत असेल तर डॉक्टर गाठा.

आता टेप. स्लीप ॲप्नियात झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो. तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. तैवानमध्ये 2022 मध्ये तोंडाने श्वास घेणाऱ्या, सौम्य ॲप्निया असलेल्या 20 जणांवर टेपचा प्रयोग झाला आणि त्यांचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. मेसेज फिरवणाऱ्यांना एवढंच ठाऊक असतं. 2025 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात अशा 10 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. सगळे मिळून 213 माणसं, आणि ठळक सुधारणा फक्त दोन अभ्यासांत. नाक बंद असणाऱ्याने टेप लावली तर गुदमरण्याचा धोका आहे, असा इशारा त्यातल्याच काही अभ्यासांनी दिला होता. 2024 मध्ये अमेरिकेत ॲप्नियाच्या 54 रुग्णांचं तोंड झोपेत मिटवून हवेचा प्रवाह मोजला. बहुतेकांना फायदा झाला. पण जे मुख्यतः तोंडावरच श्वास भागवत होते, त्यांचा प्रवाह उलट घटला. अशांना तोंड उघडं ठेवण्याची सवय जडलेली नसते. नाकातून हवा पुरत नाही म्हणून शरीराने काढलेली ती वाट असते.

आणि गोव्यात नाक कधी मोकळं असतं? जूनपासून भिंतींवर बुरशी धरते, गाद्या-उशा दमट होतात, त्यांत धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) पोसले जातात आणि चवथीपर्यंत अर्धं घर सकाळी उठून शिंकत असतं. अशा नाकावर भरवसा ठेवून तोंडाला चिकटपट्टी लावणं मला भीतीदायक वाटतं. लहान मुलाला ती लावूच नये. दारू किंवा झोपेची गोळी घेतलेल्याने, उलटी होऊ शकेल अशा आजाऱ्यानेही नाही. साधी गोष्ट आधी करून बघा: पाण्याचा एक घोट तोंडात धरून तीन मिनिटं बसा. मध्येच घोट गिळून तोंड उघडावं लागलं, तर आधी नाक दाखवायला हवं.

'जीभ टाळूला चिकटवून ठेवली की झालं' हा मुद्दा तर थेरपीवरच अन्याय करणारा आहे. खरे व्यायाम कंटाळवाणे असतात आणि त्यांना चिकाटी लागते. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून जीभ मागे सरकवायची. आख्खी जीभ टाळूला चोखून धरायची. 'आ' म्हणताना घशातली पडजीभ वर उचलायची. गालात आतून बोट घालायचं आणि गालाच्या स्नायूने ते दाबायचं. साओ पावलोमध्ये डॉक्टरांच्या एका गटाने 2009 मध्ये मध्यम ॲप्नियाच्या 31 रुग्णांवर याची नीट चाचणी घेतली. निम्म्यांना हे व्यायाम, निम्म्यांना नुसते दीर्घ श्वास. रोज सुमारे अर्धा तास, दर आठवड्याला देखरेख, तीन महिने. व्यायाम करणाऱ्यांचा एएचआय सरासरी 22 वरून 14 च्या आसपास उतरला, दीर्घ श्वासवाल्यांचा उतरला नाही. हे मोठं यश आहे, आणि ते मेहनतीचं आहे. पण 14 म्हणजे आजार सौम्य झाला, संपला नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते, तिच्या 2020 च्या आढाव्यात या विषयावरचे 9 अभ्यास आणि 347 माणसं मोजली गेली. दिवसाची झोपाळू गुंगी कमी होते असं दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचंही तिथेच नोंदवलं आहे.

यातून 'मशीन नको' कसं निघतं? सीपॅप मशीन कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये सिडनीत पुढे आणलं. नाकावरच्या मास्कमधून ते हवेचा दाब देतं आणि घसा मिटू देत नाही. वापरायला त्रासाचं आहे हे खरं. तरी ज्याचा एएचआय 45 आहे, त्याने हा मेसेज वाचून मशीन कपाटात टाकलं तर त्याच रात्रीपासून श्वास पुन्हा अडू लागतो. बेळगावहून भाजी भरून पहाटे चोर्ला घाट उतरणाऱ्या टेम्पोवाल्याला स्टिअरिंगवर एक डुलकी पुरते. व्यायाम मशीनच्या जोडीला करा. मशीन काढायचं की नाही, ते पुन्हा झोपेची तपासणी करून ठरवा.

मुलांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण मी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिलीच्या वर्गात अशी पोरं लगेच ओळखू येतात. ओठ कायम उघडे, खालचा ओठ कोरडा पडून चिरलेला, डोळ्यांखाली काळसर, बोलणं नाकात अडकलेलं. प्रार्थनेनंतर तासाभरात डोकं बाकावर. एका मुलाची आई मला म्हणाली, "बाई, आळशी आहे तो. रात्रभर झोपतो आणि शाळेत परत झोपतो." कसा झोपतो विचारलं. मान मागे टाकून, तोंड वासून, उशी लाळेने भिजते, घामाघूम होतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि मग दचकून कूस बदलतो. तिच्याकडे तोच मेसेज होता, आणि मेडिकलमधून आणलेली टेपही पर्समध्ये होती. त्या मुलाच्या नाकामागची ॲडिनॉइडची गाठ सुजलेली होती. ईएनटी डॉक्टरांनी बघितल्यावर ते कळलं.

तीन ते सात या वयात ॲडिनॉइड भलतंच मोठं असू शकतं, पुढे ते आपोआप आकसतं. ॲलर्जी असेल तर त्यात भर. अशा मुलाच्या ओठांवर टेप लावणं म्हणजे उरलेली वाटही बंद करणं. ऑपरेशनची घाई करा असं मी म्हणत नाही. अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (2013) टॉन्सिल-ॲडिनॉइड काढलेल्यांपैकी 79 टक्क्यांची झोपेची तपासणी सात महिन्यांत नॉर्मल आली, आणि नुसती वाट बघितलेल्यांतल्या 46 टक्क्यांचीही आली. म्हणजे थांबायचं की काढायचं, हा विचार करून घ्यायचा निर्णय आहे, आणि तो मूल तपासल्यावरच घेता येतो. वाट मोकळी झाल्यावरही काही मुलं सवयीने तोंड उघडं ठेवतात. मायोफंक्शनल व्यायामांची खरी जागा तिथे आहे. मुलं ते आवडीने करतात, जिभेने टॉक टॉक आवाज काढायला कोणाला नको?

दम्याच्या मुद्द्यावर मला गप्प बसवत नाही. मेसेज 'पंप सोडा' म्हणतो तो बुटेको पद्धतीच्या नावाने. कॉन्स्टँटिन बुटेको या सोव्हिएत डॉक्टरने 1950 च्या दशकात कमी आणि हळू श्वास घेण्याची ही पद्धत मांडली. ऑस्ट्रेलियात 1998 मध्ये 39 रुग्णांवर तिची चाचणी झाली, आणि श्वास लागल्यावर मारायचा पंप कमी लागू लागला. फुफ्फुसाची क्षमता मात्र वाढली नाही. श्वासाच्या व्यायामाने धाप आणि घाबरगुंडी कमी होते, नळ्यांमधली सूज कमी होत नाही. ती सूज रोजचा पंप आटोक्यात ठेवतो. पावसाळ्यात, बुरशीच्या दिवसांत तो सोडणाऱ्याला मध्यरात्री इमर्जन्सीत न्यावं लागू शकतं.

दातांचं लवकर आटोपते. 'जॉज' या 2018 च्या पुस्तकात ऑर्थोडॉन्टिस्ट सँड्रा कान आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक म्हणतात की मऊ अन्न आणि तोंडाने श्वास यांमुळे नव्या पिढीचे जबडे अरुंद होत चालले आहेत. या म्हणण्याला आधार आहे. रॉबर्ट कोरुचिनी यांनी 1980 च्या दशकात उत्तर भारतातल्या खेड्यांतली आणि शहरातली मुलं ताडून पाहिली, तेव्हा शहरी मुलांचे दात जास्त वेडेवाकडे निघाले. पण वाढीच्या वयात काय टाळता येतं हा एक प्रश्न, आणि तिशीतल्या माणसाचा जबडा जिभेने रुंदावतो का हा दुसरा. टाळूच्या मधली शिवण वयात येता येता जुळत जाते. जीभ दाबून चेहरा बदलतो या दाव्याला पुरावा नाही, असं अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने सांगितलं आहे. गिळताना जीभ दातांवर ढकलण्याची सवय असेल, तर दंतवैद्य स्वतःच हे व्यायाम सुचवतात.

पुस्तकांच्या साक्षीबद्दलही बोलायला हवं. 2020 चं 'ब्रेथ' लिहिणारे जेम्स नेस्टर पत्रकार आहेत. त्यातला गाजलेला प्रयोग, म्हणजे 10 दिवस नाक बंद ठेवून जगणं, दोनच माणसांवर झाला, आणि त्यातले एक ते स्वतः. टेप तेही वापरतात, पण ओठांच्या मधोमध टपाल तिकिटाएवढा तुकडा. मेसेजसोबतच्या फोटोत पट्टी एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत ओढलेली आहे. पुस्तक वाचणाऱ्याने अशी लावली नसती.

'डॉक्टर सांगणार नाहीत' हे तर सरळ खोटं. तोंडाच्या स्नायूंना व्यायाम द्या असं 1918 मध्ये लिहिणारे आल्फ्रेड रॉजर्स ऑर्थोडॉन्टिस्ट होते. वरचे बहुतेक अभ्यासही डॉक्टरांनीच केलेत. गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) ईएनटी विभाग आणि गोवा डेंटल कॉलेज दोन्ही बांबोळीला आहेत, एका खेपेत दोन्हीकडे दाखवता येतं. व्यायाम शिकवायला कोणी तयार असेल तर शिक्षण विचारा: दंतवैद्य, स्पीच थेरपिस्ट, की नुसता ऑनलाइन कोर्स? आणि तुमचं नाक न बघताच कोणी पहिल्या दिवशी व्यायाम सुरू करत असेल, तर तिथून उठा.

जाताना मोबाइलवर झोपेतला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा. पहाटेचा घ्या, तेव्हा श्वास जास्त अडतो. छाती आणि चेहरा दोन्ही दिसू देत, आवाज चालू ठेवा. पोर ओपीडीत टक्क जागं असतं, डॉक्टरांना त्याची झोप बघायला मिळते ती त्या व्हिडिओतच.